पितराच्या पाटावर बसणारे प्रेमराज नाना

धुळ्याच्या देवपुरातल्या मेलेल्या माणसांचा प्रेमराज नानांवर फार जीव होता. जिवंतांचाही होता, पण मेलेल्यांचा जरा जास्तच; कारण वर्षातून एकदा त्यांना जेवायचं असलं की ते नानांच्याच तोंडाने जेवायचे.

आमच्याकडे पितृपक्षात नुसत्या कावळ्यावर भरवसा ठेवत नाहीत. कावळ्याचं काय, आला तर आला, नाहीतर समोरच्या गच्चीवर बसून मजा बघतो. म्हणून घरात पाट मांडून त्यावर एक जिताजागता माणूस बसवतात. त्याला म्हणायचं पितर. गेलेला बाप, काका, नवरा, जो कोणी असेल तो त्या दिवसापुरता हाच. त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची आणि मग त्याला आग्रह करकरून वाढायचं. तो तृप्त होऊन उठला की घरची माणसं जेवायला मोकळी.

आता अशा कामाला खाणारा माणूस लागतो, आणि हल्लीचे लोक त्या कामाचे राहिलेले नाहीत. एकाला आम्लपित्त, दुसऱ्याची दुपारी मीटिंग, तिसरा पाटावर बसूनही मोबाइल चाळतो. पितरानेच "पुरे, मी डाएटवर आहे" म्हटलं तर घरच्यांनी काय समजायचं? नानांचं तसं नव्हतं. ते मांडी घालून बसत, शर्टाचं खालचं बटण आधीच सोडून ठेवत आणि ताटाला नमस्कार करून असे जेवत की वाढणाऱ्या बाईला वाटावं, सासरे खरंच आले. खिरीची वाटी रिकामी करून ते पुन्हा पुढे करायचे. उडदाचे वडे, कढी, गंगाफळाची भाजी, जिलबी, कशालाच नाही म्हणणं नाही. त्यामुळे भाद्रपद उजाडला की नानांना आमंत्रणं लागायची, आणि काही दिवशी तर एकाच दुपारी ते दोन घरचे दोन वेगवेगळे मयत होऊन यायचे.

एवढं खाऊन होतं कसं, असं कोणी विचारलं तर नानांचं उत्तर तयार असे. "अरे, पाटावरचं मी थोडंच खातो? ज्याचं त्याला पोचतं. आपल्या अंगी लागत नाही." हे ते गमतीने म्हणत नसत. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. त्यांची बायको पुष्पाबाई मात्र फटकळ. ती म्हणे, "ज्यानं त्याले पोचस ते मंग तुमनी प्यांट काबरं सैल करनी पडस वरीसले? पितर बी वापरतस का ती प्यांट?" यावर नाना पेपर वाचायला लागायचे.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. धुळे स्टँडवर खिडकीमागे बसून "फलाट क्रमांक अमुकवर शहादा गाडी लागलेली आहे" असं माइकवरून सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आवाज भारी होता, खुर्ची त्याहून भारी. ड्युटीला आले की बसले, ड्युटी संपली की उठले. मधल्या वेळात ड्रायव्हर-कंडक्टर चहा आणून द्यायचे, कोणी चोपड्याहून भजी आणायचा, कोणी शिरपूरहून पेढे. नकाराचं वळण त्या जिभेला कधी पडलंच नाही. निवृत्त झाल्यावर खुर्ची बदलली एवढंच. ती आता टीव्हीसमोर आली. दूध आणायचं तर स्कूटर, दाढी करायची तर स्कूटर, आणि संध्याकाळी रतनलाल शेठच्या किराणा दुकानावर गप्पा मारायला जायचं, ते दुकान घराच्या कोपऱ्यावर असूनही, स्कूटरच.

त्या सगळ्या स्टँडवर नानांचा जीव कोणावर असेल तर पुना ड्रायव्हरवर. दोघे एकाच गावचे, एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एकाच गल्लीत घरं बांधलेली. पुना जळगाव गाडी घेऊन परतला की आधी नानांच्या खिडकीवर टकटक करायचा आणि मग गाडी डेपोत लावायला जायचा. त्या पुनाला साखर निघाली, मग डोळा अधू झाला, मग पायाला जखम झाली ती भरेना, पाय काढला, आणि तरी तो राहिला नाही. मागे राहिली भागाबाई. मूलबाळ नव्हतं. पुना गेल्याच्या पहिल्या पितृपक्षात पाटावर कोणाला बसवायचं हा प्रश्न तिला पडलाच नाही. ती नानांच्या दारात येऊन म्हणाली, "भाऊ, त्याना पाटवर तुमीनच बठा." नाना बसले. घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. पण समोर ती पदर सावरून उभी, म्हणून ते रडत रडत सगळं ताट जेवले. तेव्हापासून दर वर्षी पुना म्हणजे नानाच.

एकच वर्ष नाना भुसावळला लग्नात अडकले. भागाबाईने नात्यातला एक पुतण्या बसवला. त्याने दोन पुऱ्या खाल्ल्या, फोनवर बोलत बोलत हात धुतले आणि निघून गेला. भागाबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुना उपाशी गेला, हे तिच्या मनातून काही केल्या जाईना. नानांना हे कळल्यावर त्यांनी तिला शब्द दिला, की वहिनी, मी जिवंत आहे तोवर पुनाच्या पाटावर दुसरा कोणी बसणार नाही.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. रतनलाल शेठच्या मंडळाने धर्मशाळेत तपासणी शिबिर ठेवलं. नाना गेले ते तपासायला नव्हे, शिबिरानंतर मुगाच्या डाळीचा शिरा आहे हे ऐकून. पण शिऱ्याच्या रांगेत लागायला आधी रक्ताच्या रांगेतून जावं लागत होतं. तिथे शेठची नात, डॉक्टर चेलना, बसली होती. लहानपणी याच नानांच्या मांडीवर बसून तिने माइकवर "शहादा, शहादा" म्हटलेलं. काही दिवसांनी रिपोर्ट आला आणि तिने नानांना दवाखान्यात बोलावलं.

"नाना, तुम्हाला डायबेटिस नाही."

नाना उठायलाच लागले.

"बसा हो. नाही, पण नाहीच असंही नाही."

नाना अर्धवट उठलेले तसेच राहिले. "म्हणजे झालाय का नाही?"

"काठावर आहात. मागच्या तीन महिन्यांतली साखर पाहिजे त्यापेक्षा वर आहे, पण अजून रोगात धरण्याएवढी नाही. काही केलं नाही तर पुढे होण्याचा धोका पुष्कळ. केलं तर मागे फिरता येतं."

नानांचं डोकं चालेना. आयुष्यभर त्यांनी दोनच तऱ्हा पाहिल्या होत्या. गाडी एक तर फलाटावर लागलेली असते, नाहीतर नसते. "लागलेली नाही, पण लागण्याचा धोका पुष्कळ" अशी घोषणा त्यांनी एकदाही केली नव्हती. केली असती तर प्रवाशांनी खिडकी फोडली असती.

"मला तर काही होत नाही," ते म्हणाले. "तहान नाही, थकवा नाही."

"तेच तर. या वेळी काही होत नसतं. म्हणून लोक ऐकत नाहीत." चेलनाने फितीने त्यांचं पोट मोजलं आणि आकडा न सांगता फीत गुंडाळून ठेवली. "आईला होता ना तुमच्या? त्यात हे पोट, आणि दिवसभर बसणं. रोज चाला. गोड, मैदा, तळलेलं कमी करा. रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं. वजन थोडं जरी उतरलं तरी फरक पडतो."

"आणि गोळी?"

"तुम्हाला आत्ता गोळी नको. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

नाना उतरल्या चेहऱ्याने बाहेर आले. गोळी दिली असती तर निदान कळलं असतं की आपण आजारी आहोत. ज्याला गोळी नाही तो कसला रोग, आणि ज्याला इतकी पथ्यं तो कसला निरोगी? त्यांना धड घाबरताही येईना आणि धड हसताही येईना.

त्या गोंधळात भर घालायला गाव बसलंच होतं. रतनलाल शेठ स्वतः जुने मधुमेही. त्यांनी मेथ्या भिजवून खायला सांगितल्या, जांभळाच्या बियांची पूड दिली आणि वर म्हणाले, "साखर बंद करा नाना, गूळ चालतो." नानांनी गुळाचा चहा सुरू केला आणि साखर सुटली या आनंदात दोन कप जास्त प्यायले. चेलनाने ऐकलं तेव्हा तिने आजोबांना फोनवर झापलं. जळगावहून मुलगा भूषण रोज व्हिडिओ पाठवू लागला. एकात एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ सांगत होते, तूप भरपूर खा; दुसऱ्यात कोट घातलेली बाई म्हणत होती, तुपाला शिवू नका. एकात भात विष, दुसऱ्यात भात गार करून खाल्ला की औषध. नानांनी दोन्ही बाजू राखायच्या म्हणून गार भातावर भरपूर तूप घेतलं. शेवभाजी त्यांनी बिनधास्त चालू ठेवली. तिखट खाल्ल्याने साखर कशी वाढेल, हा त्यांचा हिशेब अजून कोणी मोडलेला नव्हता. तोही पुष्पाबाईने मोडला, शेवेचा डबा शेजारणीला देऊन.

लोकांना काय सांगायचं हाही एक प्रश्नच होता. "मला साखर आहे" म्हटलं की लोक लगेच समजून घेतात, बिनसाखरेचा चहा येतो, जिलबीचं ताट आपोआप पुढे सरकतं. पण "मला नाही, पण होऊ शकते" असं म्हणणाऱ्याला काय वाढावं, हे खानदेशात अजून ठरलेलं नाही. लोक म्हणत, "मंग आते ते नही ना? खाई ल्या तवलोंग!" आणि वाटीत आणखी एक डाव पडायचा.

चालायचं म्हटलं तर तीही चोरी. नाना पांझरा नदीच्या बाजूने संध्याकाळी पायी निघाले आणि गल्लीत बोंब झाली. "नाना, गाडी बंद पडनी का?" "नाना, पेट्रोल संपनं का?" एकाने तर स्कूटर थांबवून, ओढून, मागे बसवून त्यांना घरी आणून सोडलं आणि वर चहा पिऊन गेला. पुष्पाबाईने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः सोबत निघाली. नवरा-बायको जोडीने चालताना दिसले की लोक देवाला निघाले समजून वाट सोडायचे. ती पुढे, हे मागे. पुलापर्यंत जाईतो नानांना धाप लागायची आणि तेव्हा कुठे त्यांना पहिल्यांदा जरा भीती वाटली.

मग आला भाद्रपद, वद्य पक्ष. आमंत्रणं सुरू झाली. नाना पुन्हा चेलनाकडे गेले. बाकीचे पेशंट उठेपर्यंत बाकावर थांबले, मग आत जाऊन दार लोटून हळूच म्हणाले, "एक विचारायचं होतं. पितर म्हणून जे खातो, ते धरायचं का?"

चेलनाला आधी कळलंच नाही. मग कळलं, पण ती हसली नाही. तिच्या घरात उपास-पारण्यांचं काय महत्त्व असतं ते तिने पाहिलेलं होतं. ती म्हणाली, "नाना, पितरांचं रक्त मला तपासता येत नाही. तुमचं येतं. जे तुमच्या तोंडातून गेलं, ते मला तुमच्याच रक्तात सापडतं."

एवढं साधं उत्तर, पण नानांना ते जड गेलं. आयुष्यभर ज्यावर भार टाकून खाल्लं तो खांबच तिने काढून घेतला. म्हणजे अण्णा वाण्याच्या पाटावरची ती खीर, मास्तरांच्या आईच्या पाटावरचे ते लाडू, सगळं काय आपल्याच अंगावर आलं? मग ते बिचारे मेलेले लोक इतकी वर्षं उपाशीच गेले की काय? या विचाराने नाना इतके अस्वस्थ झाले, की घरी येऊन त्यांनी पुष्पाबाईला विचारलं, "पुष्पे, तुले काय वाटस? त्यास्ले पोचत व्हई का?"

पुष्पाबाई शेंगा सोलत होती. म्हणाली, "त्यास्ले पोचस का नही, माले ठाऊक नही. तुमले मातर पोचस, हाई बठ्ठी गल्लीले दिखस."

बाकीच्या घरांना पुष्पाबाईनेच वाटेला लावलं. कोणाला सांगितलं पोट बिघडलंय, कोणाला सांगितलं भूषणकडे जातोय. एका घराला तिने चक्क दुसरा पितर शोधून दिला. पण अष्टमीला पुनाची तिथी होती, आणि तिथे तिचीही जीभ उचलेना. नवऱ्याने शब्द दिलेला तिच्यासमोरच. न जावं तर भागाबाई पुन्हा दोन दिवस उपाशी. जावं आणि जेवू नये तर पुनाच रुसला असं ती धरणार. जावं आणि जेवावं, तर चेलनाने सांगितलेलं सगळं पाण्यात. आणि एकदा भागाबाईकडे ताटभर जेवलं की मग बाकीच्या घरांना कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? एका जेवणाने काही होत नसतं, हे नानांनाही ठाऊक होतं. पण आजवर प्रत्येक जेवण एकच जेवण होतं, हेही आता त्यांना दिसू लागलं होतं.

अष्टमीला नाना धुतलेलं धोतर नेसून निघाले. पुष्पाबाई दारापर्यंत आली. "तठे पुना म्हनीसन बठा," ती म्हणाली, "पन आठे माले मन्हा मानूस परत पाहिजे." एवढं बोलून ती आत गेली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते.

भागाबाईचं घर पहाटेपासून जागं होतं. जमीन पुसलेली, पाटाभोवती रांगोळी, भिंतीवर पुनाचा फोटो, त्याला हार. तिने नानांचे पाय धुतले. एरवी ती त्यांना भाऊ म्हणायची, पण या एका दिवशी ती त्यांना काहीच म्हणत नसे. हाक न मारता बोलायची, नजर खाली ठेवून, नवऱ्याशी बोलावं तशी. आगारी दिली, तुपाचा धूर घरभर झाला, आणि तिने ताट पुढे ठेवलं. पुऱ्या, वडे, कढी, गिलक्याची भाजी, खिरीची वाटी काठोकाठ, आणि बाजूला जिलब्यांचा ढीग. जिलब्या तिने स्वतः तळल्या होत्या.

नानांनी नमस्कार केला. एक पुरी खाल्ली, गिलक्याची भाजी खाल्ली, कढी प्यायले. वडा अर्धा मोडला. मग हात खिरीकडे गेला आणि वाटीपाशी थांबला. पुढे जाईना, मागे येईना. त्यांना एकाएकी कळेना, की या पाटावर बसलंय कोण. पुना असेल तर त्याला खाऊ दिलं पाहिजे. प्रेमराज असेल तर उठलं पाहिजे. कपाळावरचं गंध घामाने ओघळायला लागलं.

भागाबाई कोपऱ्यात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पडला. "काय चुकनं?" ती म्हणाली. "गोड कमी पडनं का?"

"नाही नाही," नाना म्हणाले आणि पाटावर बसून बोलू नये हे विसरून बोलत सुटले. "वहिनी, मला डॉक्टरने सांगितलंय. साखर नाहीये मला, पण होण्यात आहे. काठावर आहे म्हणते. म्हणजे आजारी नाही मी. पण खाल्लं तर होईन. पण हे मी खात नाही ना, पुना खातो, तर मला वाटलं... मला काही समजतच नाही वहिनी, काय करू ते." बोलता बोलता आवाज फुटला. स्टँडभर घुमणारा तो आवाज, पण त्या घरात तो लहान मुलासारखा निघाला.

भागाबाई खाली बसली. भिंतीला टेकून, पाय दुमडून. तिने फोटोकडे पाहिलं.

"काठवर शे म्हने?" ती म्हणाली.

"हो."

"त्याले बी असंच सांगं व्हतं." तिने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "पाय जावाना कितला तरी वरीस आधी. घर उना आनि माले सांगं, भागा, काठवर शे म्हने. आमी दोन्हीजन हासनूत. काठवर शे म्हंजे साखर आजून घरमा उनी नही, असं म्हने तो. त्या रातले मीच जिलबी करी. मन्हा हातनी."

 पुनाने हे नानांना कधी सांगितलं नव्हतं. खिडकीवर टकटक करून सगळं सांगणारा पुना, हे मात्र बोलला नव्हता. कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यालाही वाटलं नसणार.

"मंग पाय गया, तवय माले अक्कल उनी," भागाबाई म्हणाली. "मंग मी वाटी हिसकी लेऊ. खीर नही, जिलबी नही, काहीच नही. तो मांगे, मी देऊ नही. शेवटला दिन बी मांगी. मी दिधी नही. रुसीसनच गया तो मन्हावर." तिने ताटाकडे हात केला. "म्हनीसन वरीसले करस हाई बठ्ठं. जे दिधं नही ते."

 इतकी वर्षं नानांना वाटत होतं की ते पुनाची आवड खातात. ते तर हिचा अपराध खात होते, वाटी वाटी करून, आणि दर वर्षी वाटी पुढे करून आणखी मागून घेत होते.

भागाबाई उठली. ताटाजवळ आली. वाकून तिने खिरीची वाटी धरली आणि तशीच थांबली. वाटी उचलावी की ठेवावी हे तिलाही कळेना. पितराच्या ताटातून वाटी काढणं म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.  "आते कशी लेऊ?" ती पुटपुटली. "एकदाव हिसकी लिधी व्हती, ते उपाशी गया. आज पुन्हा?"

तेव्हा नानांनी वाटीवर आडवा हात धरला. जन्मात कधी कोणाच्या वाढण्याला त्यांनी हात आडवा केला नव्हता. आणि जन्मभर जिला वहिनी म्हटलं, तिला ते म्हणाले, "भागा, नको. माले नको. पोट भरनं."

ती चमकून बघायला लागली. फोटोकडे नाही, त्यांच्याकडे.

"खरंच भरनं?"

"भरनं."

भागाबाईने वाटी उचलली. जिलब्यांची थाळी उचलली. दोन्ही घेऊन ती आत गेली, आणि चुलीपाशी बसून जी रडायला लागली, ती बाहेर ऐकू येत होती. पण पुना उपाशी गेला म्हणून रडावं, तसं ते रडणं नव्हतं. मधेच ती बोलत होती, कोणाशी कोण जाणे, पुन्हा पुन्हा तेच एक.

"ऐकं त्यानी. इतला वरीसमा आज ऐकं मन्हं."

नाना पाटावर तसेच बसून राहिले. ती म्हणते आहे तो ऐकणारा कोण, पुना की आपण, हे त्यांना कळलं नाही.  ताटात उरलेला अर्धा वडा तसाच ठेवून ते हात धुवायला उठले, आणि धुता धुता त्यांना पुनाची इतकी आठवण आली, की पाणी वाहत राहिलं आणि ते नुसते उभे राहिले.